दिवाळे निघणे आणि दिवाळे काढणे

मराठीत दिवाळे निघते आणि दिवाळे काढलेही जाते. क्रियापद बदलले की माणसाची प्रतिष्ठा बदलते. ज्याचे दिवाळे निघाले त्याच्याविषयी गाव हळहळते. ज्याने दिवाळे काढले त्याने पैसा कोठे दडविला असेल याची चर्चा पारावर होते. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. तथापि जुन्या व्यापारी पेठांतून सांगितली जाणारी हकीकत अशी की, देणी भागविणे अशक्य झालेला पेढीवाला भर दिवसा पेढीवर दिवा लावीत असे आणि स्वतः काही काळ दृष्टीआड होत असे. सूर्य डोक्यावर असताना जळणारा तो दिवा पाहून गावाने काय ते समजावे. मग वह्या उघडल्या जात, शिल्लक माल आणि वसूल होण्याजोगी उधारी यांचा आकडा लागे, आणि रुपयामागे जितके आणे निघतील तितके घेऊन धनको आपल्या वाटेने जात. ही हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दिवाळे ही जाहीर करावयाची गोष्ट होती.

आजचा छोटा व्यावसायिक याच्या नेमके उलटे करतो. धंदा बसू लागला की तो दुकानाच्या पाटीला नवा रंग देतो. घरातील लग्न पूर्वी ठरले होते त्याहून थाटाने करतो. बँकेच्या शाखेसमोरून जाण्याचे टाळतो, आणि ज्याला सर्वांत आधी सांगावयास हवे त्या पत्नीला सर्वांत शेवटी सांगतो. दिवा लावण्याऐवजी असलेला दिवा झाकून ठेवण्याची ही धडपड दोन-तीन वर्षे चालते, आणि त्या दोन-तीन वर्षांत कायद्याने ठेवलेल्या सुटकेच्या वाटा एकामागून एक बंद होत जातात. धंदा बुडणे हे नेहमीच टाळता येते असे नाही. परंतु बुडणाऱ्या धंद्याबरोबर घर, नातेवाईक आणि जामीन राहिलेले मित्र हेही बुडावेत, हे मात्र पुष्कळ प्रमाणात टाळता येण्याजोगे असते.

तालुक्याच्या गावातील एखादा छापखानदार डोळ्यांसमोर आणावा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल यांवर त्याचे बरे चालले होते. नवे ऑफसेट यंत्र घेण्यासाठी त्याने राहते घर बँकेकडे गहाण टाकले. पुढे पत्रिका मोबाइलवरून जाऊ लागल्या, अहवाल छापण्याऐवजी संगणकावरून पाठविले जाऊ लागले, आणि शाळेचे बिल वर्षभर अडकले. कागदाच्या व्यापाऱ्याने पुढील तारखांचे चेक घेऊन उधारी चालू ठेवली. पतसंस्थेने कर्ज दिले. त्याला एक शिक्षक आणि एक कारकून असे दोन जामीनदार झाले. दागिने तारण पडले. सरतेशेवटी रोज संध्याकाळी वसुलीला माणूस पाठविणारा खासगी सावकार आला.

अशा वेळी छापखानदार कोणाचे देणे आधी भागवितो? ज्याची भीती जास्त त्याचे. म्हणजे प्रथम सावकाराचे, कारण तो दारात येऊन आवाज चढवितो. नंतर कागदवाल्याचे, कारण त्याच्याकडून माल घ्यावयाचा असतो. आणि सर्वांत शेवटी बँकेचे, कारण बँक फक्त सभ्य भाषेत पत्रे पाठविते. कायद्याच्या दृष्टीने हा क्रम बरोबर उलटा आहे. विनापरवाना सावकाराचे हात कायद्याने सर्वांत आखूड ठेवलेले आहेत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवान्याविना सावकारी हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि अशा सावकाराने बळकावलेली स्थावर मिळकत परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. उलट सभ्य भाषेत पत्रे पाठविणारी बँक कोर्टाची पायरीही न चढता घराचा ताबा घेऊ शकते. जो ओरडत नाही त्याचेच दात सर्वांत तीक्ष्ण असतात, हे त्या छापखानदाराला फार उशिरा कळते.

धंदा कोणाचा, देणे कोणाचे

येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावयास हवा. १८९७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन नावाच्या चामड्याच्या बुटांच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात असे ठरविले की, कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती आहे. कंपनीचे देणे हे मालकाचे देणे नव्हे. भारतातील कंपनी कायदाही याच पायावर उभा आहे. परंतु छापखानदाराने कंपनी काढलेली नाही. दुकानाच्या पाटीवर देवाचे किंवा वडिलांचे नाव आहे एवढेच; कायद्याच्या लेखी दुकान म्हणजे तो स्वतः. यंत्राचे कर्ज आणि घरातील कपाट यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. भागीदारीतही तीच स्थिती. एका भागीदाराने केलेल्या देण्यासाठी दुसऱ्याचे घर जबाबदार असते. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१५-१६ साली देशातील शेतीबाहेरच्या लहान उद्योगांची मोजदाद केली, तेव्हा ६ कोटी ३३ लाखांहून अधिक घटक आढळले आणि त्यांतील शंभरांत पंचाण्णवांहून अधिक एकाच मालकाचे होते. म्हणजे ज्या वर्गाला दिवाळ्याची खरी धास्ती, तो वर्ग जवळजवळ सगळा या भिंतीबाहेर उभा आहे.

ज्यांनी कंपनी काढली आहे त्यांनीही फार निर्धास्त राहू नये. बँका लहान कंपनीला कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी घेतातच, आणि ती सही झाली की सॉलोमनची भिंत त्या कर्जापुरती कोसळते. अशा हमीदारांवर वेगळी कारवाई करता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या मे महिन्यात ललितकुमार जैन खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

पहिल्या नव्वद दिवसांत

दिवाळ्याचा विचार हप्ता चुकल्याच्या दिवशीच सुरू व्हावयास हवा. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या दृष्टीने खाते अनुत्पादक ठरते. त्याआधी तीस, साठ आणि नव्वद दिवसांच्या तीन पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला बँकेच्या वहीत धोक्याची खूण पडते. या काळासाठी लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनाची एक व्यवस्था आहे. केंद्र सरकारने २०१५ च्या मे महिन्यात ती अधिसूचित केली आणि रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या मार्चमध्ये ती बँकांना लागू केली. पंचवीस कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू आहे. खाते अनुत्पादक होण्यापूर्वी बँकेने अडचणीची लक्षणे ओळखावीत, समितीपुढे प्रकरण न्यावे, आणि हप्त्यांची फेरआखणी करता येते का ते पाहावे, अशी तिची योजना आहे. उद्योजकालाही स्वतः अर्ज करता येतो.

हा अर्ज करणारे थोडे. पुष्कळांना त्याची माहितीच नसते, आणि ज्यांना असते त्यांना वाटते की अर्ज केला म्हणजे आपणच आपली अब्रू वेशीवर टांगली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रो निट्स खटल्यात या व्यवस्थेविषयी दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. बँकांवर ती बंधनकारक आहे, ही पहिली. उद्योजकाने मात्र वेळेवर जागे होऊन आपली कागदपत्रे बँकेसमोर ठेवली पाहिजेत. घराची जप्ती दारात आल्यावर या व्यवस्थेची आठवण काढून उपयोग नाही, ही दुसरी. निकालाचा दुसरा भाग कठोर वाटला तरी व्यवहाराचा आहे.

याच काळात स्वतःचे अडकलेले येणे वसूल करण्याचाही मार्ग असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे गिऱ्हाइकाने करारात काहीही लिहिलेले असले तरी ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याने चढणारे चक्रवाढ व्याज लागते, आणि नोंदणी वेळेवर केलेली असली तर त्यासाठी स्थापन झालेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला या तरतुदीचा आधार नाही, छापखानदाराला आहे. तथापि शाळेविरुद्ध तक्रार केली तर पुढील वर्षीच्या प्रश्नपत्रिका दुसरीकडे जातील, या भीतीने तो गप्प राहतो. कायदा कागदावर उत्तम आहे. परंतु ज्याच्याविरुद्ध वापरावयाचा त्याच्याच दारी उद्या काम मागावयाचे असते, ही गोष्ट तो लिहिणाऱ्यांच्या ध्यानात फारशी आलेली दिसत नाही.

खाते अनुत्पादक झाल्यावर २००२ चा सरफेसी कायदा चालू होतो. बँक साठ दिवसांची नोटीस देते. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक असते. साठ दिवस उलटल्यावर बँक तारणाचा ताबा घेते. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. शेतजमीन या कायद्याखाली घेता येत नाही. नोटीस न स्वीकारता परत पाठविणे हा आपल्याकडील एक लोकप्रिय उपाय आहे. त्याने मुदत थांबत नाही. हरकतीचे साठ दिवस तेवढे वाया जातात. वास्तविक याच काळात यंत्र चालू स्थितीत, गिऱ्हाईक पाहून विकले तर लिलावापेक्षा पुष्कळ अधिक किंमत येते, आणि ती रक्कम हातात धरून बँकेशी एकरकमी तडजोडीची बोलणी करता येतात. बंद पडलेल्या, धूळ खाल्लेल्या यंत्राला भंगाराचा भाव येतो.

नादारीचा जुना दरवाजा

एवढे करूनही देणे मालमत्तेपेक्षा मोठे राहिले तर काय? त्याचे कायदेशीर उत्तर म्हणजे नादारी, आणि येथे इतिहासाचे थोडे स्मरण अप्रस्तुत होणार नाही. ब्रिटिश अमलापूर्वी धनकोच्या हाती तगादा आणि धरणे ही दोन अस्त्रे होती. तो ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि त्यालाही जेवू देत नसे. पहिल्या बाजीरावासारख्या पराक्रमी पुरुषानेही धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून कर्जाच्या काचाविषयी कळवळून लिहिले आहे. इंग्रजी कोर्टे आली आणि धरण्याची जागा हुकूमनाम्याने व दिवाणी तुरुंगाने घेतली. १८६५ साली अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळला, तेव्हा मुंबईचे बडे व्यापारी नादारीच्या कोर्टाची पायरी चढले आणि त्यांतील काही पुढे पुन्हा उभेही राहिले. खेड्यातील कुणब्याला मात्र असा दरवाजाच नव्हता. १८७५ च्या १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. त्यानंतर चार वर्षांनी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करण्यास बंदी केली, आणि त्याच्यासाठी नादारीचे स्वतंत्र प्रकरण घातले. कागद जळाल्यावर कायदा आला, हा क्रम विसरण्यासारखा नाही.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी १९०९ चा आणि उर्वरित मुलखासाठी १९२० चा, असे दोन नादारी कायदे पुढे झाले. छापखानदाराला लागू पडतो तो यांपैकी दुसरा. मुंबईकराने उच्च न्यायालयात जावयाचे, बाकीच्यांनी जिल्हा न्यायालयात. देणे पाचशे रुपयांचे झाले तरी अर्ज करता येतो. हा आकडा १९२० पासून हललेला नाही. कोर्टाने नादार ठरविले की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, विनातारण धनकोंना स्वतंत्रपणे तगादा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. तारण असलेली बँक मात्र या कुंपणाबाहेर राहते. गहाण घर विकण्याचा तिचा हक्क अबाधित असतो. सरकारी देणे, लबाडीने केलेले देणे आणि पोटगी ही नादारीतूनही सुटत नाहीत. थकलेला वस्तू व सेवा कर हा यात येतो, हे व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

सगळे गेले तरी काय राहते? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात याची यादी आहे, आणि कायद्याच्या रुक्ष पुस्तकात इतका घरगुती मजकूर क्वचितच आढळेल. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला जे दूर करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे. भविष्यनिर्वाह निधीलाही हात लावता येत नाही. सुताराकडे रंधा राहतो, शिंप्याकडे शिलाईयंत्र राहते. छापखानदाराचे ऑफसेट यंत्र कारागिराचे हत्यार म्हणून वाचविण्याची आशा मात्र त्याने धरू नये. ते गहाण आहे.

दिवाळे निघाले की काढले, हा गावाचा प्रश्न कोर्टही विचारते. नादारीतून मुक्तता मागणाऱ्याला मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर तसे होण्याचे कारण आपल्या हातचे नव्हते हे त्याला पटवून द्यावे लागते. नाही पटले तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. मिळालीच तर अटी घालून वा काही काळ लांबवून मिळते. गेल्या तीन वर्षांच्या व्यवस्थित हिशेबवह्या आहेत का, हेही पाहिले जाते. रोजमेळ आणि खतावणी ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्याला हा कंटाळा येथे भोवतो. तसेच घर पत्नीच्या नावावर करून ठेवण्याचा सल्ला, जो प्रत्येक गावात एक तरी अनुभवी गृहस्थ देत असतो, तो फारसा कामाचा नाही. नादारीच्या अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत मोबदल्याविना केलेले हस्तांतर रिसीव्हरला रद्द करून घेता येते. इतर धनकोंना वाऱ्यावर सोडून एखाद्या मेहुण्याचे देणे मुद्दाम आधी फेडले असेल, तर तीन महिन्यांच्या आतील असा व्यवहारही टिकत नाही. असे व्यवहार केवळ निष्फळ ठरतात असे नव्हे. ज्याचे दिवाळे खरोखर निघाले होते तो त्यांच्यामुळे दिवाळे काढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

नादार ठरलेल्याने कोर्टाने दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला पाहिजे. तो राहिला तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि जुनी देणी पुन्हा डोके वर काढतात. मुक्तता मिळेपर्यंत पन्नास रुपयांची उधारीसुद्धा आपण नादार आहोत हे सांगितल्यावाचून घेणे गुन्हा आहे. आज पन्नास रुपयांत काय येते हे सांगण्याची आवश्यकता नाही. कायदा शंभर वर्षांचा झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नवा दरवाजा कोणासाठी?

२०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली तेव्हा या दोन्ही जुन्या कायद्यांचा निकाल लागेल अशी अपेक्षा होती. संहितेचा कंपन्यांविषयीचा भाग त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून अमलात आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये लहान कंपन्यांसाठी, धनकोंशी आधीच ठरवून आणलेल्या योजनेची सुटसुटीत पद्धतही निघाली. मतांच्या हिशेबाने ६६ टक्के धनकोंची संमती आणि १२० दिवस, असा तिचा आराखडा. व्यक्ती आणि भागीदारी पेढ्या यांच्यासाठी संहितेचा तिसरा भाग लिहिलेला आहे. त्यात १८० दिवस तगादा थांबविण्याची, तीन-चतुर्थांशाहून अधिक धनकोंच्या संमतीने परतफेडीची योजना करण्याची, आणि तेही न जमल्यास दिवाळखोर ठरून साधारणतः एका वर्षात मुक्त होण्याची तरतूद आहे. परंतु हा भाग २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमलात आणला गेला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. एकट्याच्या मालकीचे दुकान चालविणाऱ्यासाठी तो २०२५ सालापर्यंत तरी लागू झालेला नव्हता. अगदी गरिबांसाठी ‘नव्या सुरुवाती’चे जे प्रकरण त्यात आहे, त्याच्या मर्यादा वर्षाला ६० हजार उत्पन्न, २० हजारांची मालमत्ता आणि ३५ हजारांचे कर्ज अशा आहेत. ते उद्या लागू झाले तरी छापखानदार त्यात बसत नाही.

यातील विषमता उघड आहे. संहितेखाली ज्या कंपन्यांच्या योजना मंजूर झाल्या, त्यांत धनकोंना एकंदरीत दाखल दाव्यांच्या एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम मिळाली. म्हणजे रुपयामागे सव्वापाच आण्यांच्या जवळपास. त्यावर कंपनी कर्जमुक्त होऊन नव्या मालकाकडे जाते आणि या प्रक्रियेला उद्योगाचे पुनरुज्जीवन म्हणतात. तेही बरोबरच आहे. कारखाना बंद पाडून कोणाचेच भले होत नाही. परंतु तालुक्याच्या गावातील छापखानदाराकडे शंभर वर्षांपूर्वीचा कायदा रुपयामागे आठ आणे मागतो, आणि नाही निघाले तर चारित्र्याचा दाखला आणावयास सांगतो. तिसरा भाग सर्वांना लागू केला तर कर्ज बुडविणाऱ्यांचे फावेल आणि न्यायाधिकरणांवर खटल्यांचा डोंगर पडेल, असे प्रशासनाच्या बाजूने म्हणता येईल. खटल्यांची भीती रास्त आहे. परंतु तिच्यावरचा उपाय जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायाधीश आणि जाणकार मध्यस्थ नेमणे हा आहे. कोट्यवधी माणसांना दरवाजाबाहेर उभे करणे हा नव्हे. फावण्याचे म्हणाल, तर ज्यांचे फावावयाचे त्यांचे कंपनीच्या आडोशाने पूर्वीच फावले आहे.

तोपर्यंत छापखानदाराच्या हाती जुनाच कायदा आहे, आणि तो सर्व बाजूंनी त्याला वाचवीत नाही. पुढील तारखेचा चेक न वटल्यास होणारा खटला फौजदारी स्वरूपाचा असून त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. नादारीने तो थांबत नाही. म्हणून, खात्यात पैसे येणार नाहीत हे ठाऊक असताना चेकबुकातील पाने सही करून वाटणे हा या साऱ्या प्रवासातील सर्वांत घातक टप्पा होय. साध्या देण्यासाठी तुरुंगाची भीती मात्र बव्हंशी अनाठायी आहे. ज्याच्याजवळ खरोखर काही नाही त्याला केवळ कर्ज फेडले नाही म्हणून तुरुंगात टाकणे घटनेच्या भावनेशी विसंगत आहे, असा निर्णय न्या. कृष्णा अय्यर यांनी १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात दिला. पैसे असून जो देत नाही त्याची गोष्ट वेगळी. येथेही पुन्हा निघणे आणि काढणे यांतीलच फरक.

बापाचे कर्ज मुलाच्या मानेवर बसते, या समजुतीनेही अनेक घरे पोखरली आहेत. वडिलांचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, असे हिंदू कायदा पूर्वी मानीत असे आणि कोर्टे त्याची अंमलबजावणीही करीत. २००५ च्या दुरुस्तीने ते संपले. त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरनंतर झालेल्या कर्जासाठी केवळ मुलगा आहे म्हणून मुलावर दावा चालत नाही. वारसाकडे वडिलांची जी मालमत्ता आली असेल तिच्यापुरतीच त्याची जबाबदारी. ‘कर्जाला कंटाळून’ या दोन शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्या आतल्या पानांवर येतात, तेव्हा त्या माणसाला ही एवढी माहिती कोणी दिली होती की नाही, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

राहिले ते दोन जामीनदार. कर्जदार नादार ठरून मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही, असे १९२० च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे तो म्हणू शकत नाही. पतसंस्थेला सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुलीचा दाखला मिळतो, आणि त्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करावयाचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जप्ती यावयाची ती पगारावर. दिवाणी कोर्टाच्या जप्तीत पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे एकतीस हजार पगार असेल तर दरमहा दहा हजारांपर्यंत कापले जाऊ शकतात, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकंदर चोवीस महिनेच चालू शकते. भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागण्याचा हक्क जामीनदाराला आहे. कर्जदाराने वेळेवर नादारीचा अर्ज केला असेल तर त्या वाटणीत इतर धनकोंबरोबर त्यालाही आपला दावा नोंदविता येतो. मात्र त्यासाठी अर्ज झाल्याचे त्याला कळावे लागते. सही करून दोन-तीन वर्षे लोटलेली असतात, छापखान्याच्या पाटीला नवा रंग असतो, रस्त्यात भेटला तर मित्र हसून चहाला बोलावतो. आणि एखाद्या महिन्याच्या पहिल्या तारखेला शाळेच्या कार्यालयात पगारपत्रकावर सही करताना, कपातीच्या रकान्यात पूर्वी नसलेला एक आकडा शिक्षकाला दिसतो.